बाराचा भोंगा

काल संध्याकाळी कारखान्याच्या धुराड्यातून यंदाचा पहिला धूर निघाला. आमच्या कोऱ्हाळ्यातून धुराडं दिसतं ते उसाच्या शेंड्यांच्या वर, बोटभर. सात-आठ महिने ते नुसतं उभं असतं आणि मग एके दिवशी त्याच्या टोकाला राखाडी रेघ उमटते. आज गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडेल, रोलर फिरतील, आणि बारा वाजता हंगामातला पहिला भोंगा होईल. त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पस्तीस वर्षं उसाचा रस तपासला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पहिल्या भोंग्याच्या दिवशी मला सकाळपासून दुसरं काही सुचत नाही.

आज न सुचण्याला आणखी एक कारण आहे. सकाळी रेश्माचा संदेश आला.

'मुकुंदकाका, आईच्या फोनवर अजून तुमच्या कारखान्याच्या बातम्या येतात. आज मोळी आहे असं वाचलं. रविवारी आईचं घर रिकामं करून किल्ल्या द्यायच्या आहेत. आज साडेदहाला मी तिच्या स्वयंपाकघरात असेन. तिथून फोन करीन. उचलाल ना?'

रेश्मा माझ्या पत्नीची, विमलाची, पहिल्या लग्नाची मुलगी. ती मॉरिशसमध्ये राहते. तिकडचे साडेदहा म्हणजे आमचे बारा. विमला याच श्रावणात गेली, तिकडेच. तिच्या अंत्यविधीनंतर मी व्हिडिओ कॉल केलेला नाही, आलेला उचललेला नाही. रेश्माने चार-पाच वेळा केला, मग तिने करणं सोडलं. आज नाही उचलला, तर ते स्वयंपाकघर मला पुन्हा दिसायचं नाही. आणि उचलला, तर रेश्माला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

संदेशाला उत्तर न देता मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आहे. ऊस भरलेले ट्रॅक्टर जाऊ लागले आहेत. एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढच्या टपावर गाणं. रस्त्यावर उसाच्या शेंड्यांचं वाढं सांडलेलं आहे आणि दोन शेळ्या त्याच्यामागे धावताहेत. हवेत अजून मळीचा वास नाही. तो येईल दोन-तीन दिवसांनी, आंबूस-गोड, आणि मग चैत्रापर्यंत जाणार नाही. विमलाला तो वास आवडायचा. बाहेरून आलेल्या माणसाला मळीचा वास आवडल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

आमची ओळख उसामुळेच झाली. मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे कुणीतरी एक फोटो टाकला होता. डोंगराच्या पायथ्याशी मैलभर ऊस आणि त्यावर रुपेरी तुऱ्यांची एक लाट. खाली प्रश्न होता, 'आमच्या बेटावर हे आता फुलले आहे. मराठीत याला काय म्हणतात?' मी लिहिलं, 'तुरा.' तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सवय. पुढे मी दहा ओळी लिहिल्या, की तुरा येणं चांगलं नाही, उसाची वाढ थांबते, पोकळी पडते, साखरेचा उतारा घटतो. तिचं उत्तर आलं, 'मी फुलाचे नाव विचारले. आपण साखर सांगितलीत.'

मी ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं. आयुष्यभर हजारो तुरे पाहिले होते आणि प्रत्येक वेळी कपाळाला आठी घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम शिवारात गेलो आणि नुसता पाहत उभा राहिलो.

मग दोन वर्षं आम्ही लिहीत होतो. विमला तिथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. पाच-सहा पिढ्यांपूर्वी तिचे पूर्वज कोकणातून तिकडे ऊस तोडायला गेले होते. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी नोकरीला. माझं लग्न राहूनच गेलं होतं. आधी आईचं आजारपण, मग वय, मग सवय. साठीनंतर या पडद्यावर मला जे मिळालं त्याला तरुण मुलं काय नाव देतात ते मला माहीत आहे. मला ते नाव पुरेसं वाटत नाही. अक्षरं आधी आली, आवाज नंतर, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा दिसला तोवर माणूस ओळखीचं झालं होतं. आमच्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे सगळं नेमकं उलट्या क्रमाने होतं आणि शेवटची पायरी कित्येक घरांत गाठलीच जात नाही.

'माझा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, तुमचा नोव्हेंबरमध्ये,' तिने एकदा लिहिलं. 'आपण दोघांनी नीट वाटून घेतले तर वर्षभर ऊसच ऊस.' लग्नाची मागणी तिनेच घातली ती अशी. तिकडे शनिवारी ती गावातल्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची, तो तिला सोडायचा नव्हता. म्हणून हिवाळा इकडे आणि बाकीचे महिने तिकडे असं ठरलं. मी तिकडे कायमचा का गेलो नाही? पुस्तकं नेता येत नाहीत, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला धीर नव्हता. एकदा महिनाभर जाऊन आलो, तेवढाच. धीर सगळा तिच्याकडे होता. एकसष्टाव्या वर्षी एक बॅग घेऊन ती समुद्र ओलांडून आली आणि पुण्याहून बारामतीच्या एसटीत माझ्या शेजारी अशी बसली की जन्मभर याच गाडीने जात असावी.

कंडक्टर आला तेव्हा तिने मला थांबवलं आणि स्वतः म्हणाली, 'कृपया बारामतीची दोन तिकिटे द्यावीत.'

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं. 'बाई, मास्तरीण हाय का तुमी?'

'होय. आपण कसे ओळखले?'

'कृपया म्हनलात न्हवं,' तो म्हणाला. 'ह्या गाडीत ते पयल्यांदाच ऐकलं.'

गावात सगळ्यांना वाटलं होतं की परदेशातून गोरी बाई येणार. शेजारचे तात्या तर नवा सदरा घालून उभे होते. आली ती सावळी, कपाळाला ठसठशीत कुंकू, काठाची साडी. माझी थोरली बहीण, कळंबची अक्का, ओवाळायला पुढे झाली आणि ताट हातात धरून थबकली. 'आगं बया, ही तर आपल्यावानीच दिसती की!' तिच्या आवाजात थोडी निराशाही होती. पुढे चार दिवसांनी विमलाने मला स्वयंपाकघरातून हाक मारली, 'मुकुंद, इकडे या.' अक्काने कपाळावर हात मारला. 'नवऱ्याला नावानं हाक मारतीस व्हय गं?' विमला शांतपणे म्हणाली, 'मग नाव ठेवले कशाला?' अक्काचं उत्तर अजून यायचं आहे.

त्या पहिल्या हंगामाचं सगळं मला आज वासासकट आठवतं आहे. दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर धुराड्याची काजळी यायची. बाकीच्या बायका कारखान्याला शिव्या देत कपडे झटकायच्या. विमला एकेक कण बोटावर घेऊन पाहायची आणि म्हणायची, 'आमच्याकडेही अगदी हीच.' ऊसतोडीला आलेल्या बायकांशी ती रस्त्यात थांबून बोलायची, त्यांच्या कोयत्याची मूठ हातात घेऊन बघायची. 'माझी पणजी असाच धरीत असेल,' एवढंच म्हणायची आणि पुढे चालू लागायची. एकदा मी तिला माझं जुनं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर दिलं. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, नळी डोळ्याला लावायची आणि आतल्या रेघेवरून गोडी वाचायची. पस्तीस वर्षं मी त्यात फक्त आकडा पाहिला. तिने नळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही. 'आयो!' ती म्हणाली. तिकडे आश्चर्य वाटलं की असं म्हणतात. 'वर निळे, खाली पांढरे, मध्ये रेघ. मुकुंद, हा तर आमचा समुद्र आहे.'

जानेवारीत आम्ही कळंबला अक्काकडे हुरड्याला गेलो. शेताच्या बांधावर आगटी पेटवलेली, कणसं भाजली जात होती, हात काळे, तोंडात कोवळ्या दाण्यांची गोडी. अक्काच्या अंगात अशा वेळी गोष्टी येतात. तिने आमच्या आजोळच्या कुठल्याशा विहिरीची लांबलचक गोष्ट सुरू केली. विमला समोर मांडी घालून एकटक ऐकत होती. निम्म्यात अक्का थांबली.

'ऐकतीस न्हवं?'

'ऐकते आहे.'

'मग हूं म्हन की मधनं मधनं. न्हायतर मला कसं कळायचं तू हायस का झोपलीस?'

'मी डोळे उघडे ठेवले आहेत, अक्का.'

'डोळ्याचं काय घिऊन बसलीस? बैलबी डोळं उघडं ठेवून झोपतो. हूं म्हनायचं. सांगनाऱ्याला तेवढाच आधार आसतोय.'

विमलाने मग प्रत्येक वाक्याला इतकं ठणठणीत 'हूं' म्हटलं की अक्काला हसू आवरेना आणि विहिरीची गोष्ट तिथेच राहिली. परतताना एसटीत विमला म्हणाली, 'हे मी माझ्या वर्गात शिकवीन. पुस्तकात हे कुठेच नाही.' तिने खरोखरच शिकवलं. तिकडची पोरं आता गोष्ट ऐकताना हूं म्हणतात.

फेब्रुवारी संपताना ती परत गेली आणि मग पडद्यावरचा संसार सुरू झाला. पाच वर्षं तो चालला, दर वर्षी आठ-नऊ महिने. त्याची पद्धत तिनेच घालून दिली. पहिले काही दिवस आम्ही दोघं बोलत सुटायचो, जेवलीस का, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, आणि वीस मिनिटांत विषय संपून अवघडून बसायचो. एके दिवशी ती म्हणाली, 'आपण इथे पाहुण्यासारखे का वागतो? घरात नवरा-बायको इतके बोलतात का?' दुसऱ्या दिवसापासून तिने फोन ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. मी इकडे ताट वाढून घेतलं, समोर तांब्याला फोन टेकवला, शेजारी पुस्तक उघडलं. तासभर ती तिचं काम करायची, मी माझं. कधी ती मान वर करून एखादा शब्द विचारायची. कधी मी एखादा उतारा वाचून दाखवायचो. बाकी सगळा वेळ तिच्या सुरीचा आवाज आणि माझ्या पंख्याचा.

हंगामात बाराचा भोंगा झाला की ही वेळ सुरू होते असं आमचं ठरलेलं होतं. हंगाम संपला की भोंगा बंद. मग ते काम विमलाने स्वतःकडे घेतलं. मी फोन उचलला की ती दोन्ही हात तोंडाशी धरून पहिल्यांदा 'भोंऽऽऽ' असा आवाज काढायची. अडतीस वर्षं मुलांना शिस्त लावलेली बाई, पण यात तिने एक दिवस चुकवला नाही.

तात्या एकदा अचानक आले आणि आम्हाला असं गप्प बसलेलं पाहून दारातच थांबले. 'ह्याला काय संसार म्हनायचं व्हय? धा मिनिटं झाली, ती बोलंना आन् तुमी बोलंना!' पलीकडून विमला म्हणाली, 'तात्या, तुम्ही आणि काकू किती बोलता?' तात्यांनी थोडा विचार केला. 'त्ये बी खरं हाय,' म्हणाले आणि बसले. त्यांनी आमच्याबरोबर पंधरा मिनिटं गप्प बसून घेतलं.

लोक म्हणतात या फोनने माणसं तुटली. तुटली असतील. मला मात्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीने जेवायला बसवलं. मधे एवढा समुद्र होता आणि तिच्या फोडणीत मोहरी तडतडली की माझा हात आपोआप ताटाकडे जायचा. हे श्रेय फोनचं की तिचं, हे मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. फोन तात्यांकडेही आहे.

आता ती गोष्ट.

श्रावणातला गुरुवार होता. तिने भोंगा दिला, डाळ चढवली आणि तांदूळ निवडायला ओट्याजवळच्या टेबलाशी बसली. मी वाचत होतो. थोड्या वेळाने पाहिलं तर तिने दुमडलेल्या हातावर डोकं टेकवलं होतं. असं ती कधीकधी करायची, पाच-दहा मिनिटं डुलकी काढायची. मला बरं वाटलं. तिला जाग येऊ नये म्हणून मी माझा पंखासुद्धा कमी केला. आणि पुढे वाचत राहिलो. अकरा पानं वाचली. डाळीचं झाकण वाजायला लागलं, मग थांबलं, मग धूर दिसायला लागला, आणि ती उठली नाही, तेव्हा मी पुस्तक मिटलं.

मी हाका मारल्या. इतक्या मोठ्याने मी जन्मात कुणाला हाक मारली नव्हती. तेवढ्यात आमच्याकडची वीज गेली, नेट गेलं, पडदा काळा झाला. तात्यांच्या फोनचं नेट चालू होतं; त्यांच्या घरी धावत जाऊन त्यावरून रेश्माला कळवलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच विमलाने प्राण सोडला. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता. पोहोचता येणं शक्यच नव्हतं.

अंत्यविधी रेश्माने मला फोनवर दाखवला. अक्का कळंबहून आली होती. आम्ही दोघं इथे सतरंजीवर बसलो, समोर पाटावर फोन ठेवला. तिकडे बायका विमलाला कुंकू लावू लागल्या तशी अक्का उठली. 'सवाष्ण गेली माझी भावजय,' म्हणाली, 'मी लावल्याबिगर ऱ्हाईन व्हय?' तिने कुंकवाचं बोट पडद्यावर विमलाच्या कपाळाला टेकवलं. ते खाली घसरलं, लाल बटणावर पडलं आणि कॉल बंद झाला. अक्का माझ्याकडे बघत राहिली. 'मुकुंदा, काय झालं? कुठं गेली?' मी पुन्हा फोन लावला नाही. रेश्माने केला, तो वाजू दिला.

अक्काच्या लक्षात आलं नाही, पण त्या बोटाचे मी मनात आभारच मानले होते. कारण कुणी ना कुणी मला विचारणार होतं की तुम्ही तर समोरच होतात, तुम्हाला कधी कळलं? त्या पुस्तकात खूण अजून त्याच पानावर आहे. आम्ही दोघं शांत बसायला शिकलो आणि त्याच शांततेने मला फसवलं. दुसरं कुठलंही जोडपं असतं, जेवलीस का, औषध घेतलंस का असं बडबडत बसणारं, तर त्यांना एका मिनिटात कळलं असतं.

पावणेबारा झाले. मी आत येऊन ताट वाढून घेतलं. भाकरी, पावट्याची भाजी, ताक. तांब्या पुढे ओढला. फोनच्या आवरणाच्या कडेला कुंकवाचा तो डाग अजून आहे, मी पुसला नाही. बाराला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी पाहत राहिलो. चार घंटा, पाच, सहा. मग उचलला.

स्वयंपाकघर रिकामं झालं होतं. भिंतीवर भांड्यांचे नुसते ठसे. खिडकी तीच, बाहेरचा डोंगर तोच. रेश्माच्या हातात फोन हलत होता.

'काका, दिसतंय?'

'दिसतंय.' आणि मग थांबलो तर राहून जाईल म्हणून लगेच म्हणालो, 'रेश्मा, त्या दिवशी मी वाचत बसलो होतो. मला वाटलं तिचा डोळा लागलाय. अकरा पानं वाचली मी.'

'मला माहीत आहे,' ती म्हणाली. 'आईच्या फोनमध्ये किती मिनिटं कॉल चालला ते दिसतं.'

'मग बोलली नाहीस ती?'

'तुम्ही फोन उचलला तर बोलणार ना!' तिचा आवाज चढला, अगदी आईसारखा. मग खाली आला. 'काका, मी पोहोचले तेव्हा शेजारची बाई आईजवळ होती. तिनेच गॅस बंद केला, तिनेच गाडी बोलावली. तिला मराठीचा एक शब्द येत नाही. ती सांगत होती की घरातून एक पुरुष कुठल्यातरी भाषेत जिवाच्या आकांताने ओरडत होता, म्हणून मी धावत आले. ती सगळ्या घरात तुम्हाला शोधत होती.'

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. बाहेर भोंगा सुरू झाला. लांबून, उसावरून, आधी बारीक आणि मग सगळं आवार भरून. रेश्माने फोन कानाशी नेला असावा, पडद्यावर नुसते केस दिसत होते. भोंगा थांबला.

'आई तुमचा हा भोंगा काढायची,' ती म्हणाली. 'आम्हाला वाटायचं ती वाढवून काढते. ती तर कमीच काढायची.'

आम्ही दोघंही हसलो. मग तिने डोळे पुसले, साखरेचा डबा पुढे ओढला, त्याला फोन टेकवला. तो डबा तिने बांधला नव्हता. 'शेवटचं कपाट आहे, आवरते. तुम्ही जेवा.' ती पाठ वळवून वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळू लागली. कागदाचा आवाज, आणि मग तोही थांबला. मला पाठ दिसत होती, हात दिसत नव्हते. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

'रेश्मा,' मी म्हणालो, 'एक करशील? मधूनमधून...'

'हूं,' ती म्हणाली. मागे वळली नाही. 'आईने शिकवलंय. कळंबच्या अक्कांचं हूं.'

कागद पुन्हा वाजू लागला. मी ताकाचा घोट घेतला, भाकरी मोडली. पंखा फिरत होता. थोड्या वेळाने पलीकडून आलं, 'हूं.' मीही इकडून म्हणालो, 'हूं,' आणि जेवायला सुरुवात केली.